आगोटची पुस्तकं आणि शेवटची पानं नसलेला खून

यंदा आमची आगोट, म्हणजे पावसाळ्याआधी करून ठेवायची बेगमी, फसली. म्हणजे 2025 च्या मे महिन्याची गोष्ट. तांदूळ, कुळीथ, कांदे, मीठ, सुके बांगडे, गोलमा, आमसुलं, लाकडं, सगळं सात जूनच्या हिशोबाने आरामात चालू होतं आणि हा पाऊसबाबा वीस तारखेच्या आसपासच कोसळायला लागला, 25 मे ला तर हवामान खात्याने मान्सून देवगडपर्यंत पोचला असं जाहीरच करून टाकलं. पहिली सर आली तेव्हा आमच्या खळ्यात एका बाजूला आमसुलं वाळत होती, एका बाजूला बांगडे, आणि उरलेल्या जागेत मी माळ्यावरून काढलेली तीन खोकी पुस्तकं पसरली होती कारण त्यांना कसर लागली होती. आता धावपळीत आधी काय उचलायचं? माझी आत्या, वय वर्षं अठ्ठ्याहत्तर, लोट्यावरून (ओटीवरून) ओरडली, "बांगडे मरांदेत गो, आधी झुंजाराक आत घे!"

बांगडे गेलेच. झुंजार वाचला. झुंजार म्हणजे बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांचा हिरो.

तर ही पुस्तकं आजोबांची. आजोबांचं मालवणजवळच्या आचऱ्याच्या बाजारात किराणा दुकान होतं आणि त्यात तेलाच्या डब्यांच्या वरच्या फळीवर भाड्याने द्यायची पुस्तकं, दिवसाला दहा पैसे, मग चार आणे, मग टीव्ही आला आणि फळीवर बिस्किटांचे पुडे आले. बाबुराव अर्नाळकर, गुरुनाथ नाईक, सुहास शिरवळकर, नारायण धारप, रत्नाकर मतकरी, थोडे नारळीकर, भालबा केळकरांनी मराठीत आणलेला शेरलॉक होम्स, धनंजय आणि नवलचे दिवाळी अंक. "खरं साहित्य" म्हणतात तसलं एकही नाही, आजोबा म्हणायचे ते भाड्याला जात नाही.

त्या दिवशी सगळं पडवीत आणून रचलं आणि मग पाऊस काही थांबेना, लाइट गेली, रेंज गेली, आणि पडवीत येणारा जाणारा माणूस "काय पाऊस काय पाऊस" करत करत एखादं पुस्तक उचलून घरी न्यायला लागला. मला आपलं मुंबईच्या ऑफिसची सवय (2020 ला आले ती इथेच राहिले, लॅपटॉपवर काम करते, रेंज असली तर), म्हणून मी एक दोनशे पानी वही ठेवली, नाव, पुस्तक, तारीख आणि शेवटी एक कॉलम: शेरा. तो शेरा मी उगीच टाकला होता, पान रिकामं दिसत होतं म्हणून. पण लोकांनी जे काही लिहिलंय त्यात, बापरे. पेपरात पुस्तक परीक्षणं येतात ना, "लेखकाने मानवी मनाचे पापुद्रे उलगडले आहेत" वगैरे, त्याच्या शंभरपट कामाचं.

आत्यापासून सुरू करते कारण तिचा या सगळ्यावर मालकी हक्क आहे असं तिला वाटतं. ती अर्नाळकरांची माणूस. अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या, 1996 ला ते गेले, आणि आत्याच्या मते त्यांच्यानंतर रहस्यकथा हा प्रकारच बंद झालाय, बाकीचे नुसते चाळे करतात. मी शहाणपणा करून तिला म्हटलं, अगं पण सगळ्या सारख्याच की, झुंजार येणार, विजया असणार, इन्स्पेक्टर आनंदराव मागे लागणार आणि शेवटी झुंजार निसटणार, सगळं प्रेडिक्टेबल. तर ती म्हणाली, "संकासूर मरतलो ता तुका ठावक नाय? तरी रातभर बसतंस मा दशावताराक?"

मी गप्प. कारण बसतेच ना मी. जत्रेत धयकाला (दशावताराचा खेळ) असला की थंडीत गोधडी घेऊन पहाटेपर्यंत बसते, आधी गणपती येणार, मग रिद्धीसिद्धी, भटजी येणार, मग तो काळा संकासूर लाल जीभ लोंबवत मालवणीत वाट्टेल ते बोलणार, विष्णू त्याला मारणार, मग आख्यान लागणार आणि त्यातही कोण जिंकणार हे तिथे बसलेल्या पाच वर्षांच्या पोरालाही माहितीय. आणि तरी दुसऱ्या दिवशी सगळा बाजार त्याच्यावर बोलत असतो, अमुक मंडळाचा संकासूर यंदा पडला, तमक्या राजाने तलवार काढली तेव्हा पखवाजवाल्याने काय वाजवलं, त्या स्त्रीपार्टीचं रडणं एक नंबर. दशावतारात लिहिलेली संहिता नसते, संध्याकाळी तोंड रंगवता रंगवता कथा सांगतात आणि नट बोलत सुटतो. गोष्ट ठरलेली, बोलणं ताजं. आत्या झुंजार असाच वाचते. खुनी कोण हे तिला बारकं वाटतं, ती बघते की यावेळी झुंजार वेषांतर कशाचं करून येतो, आणि ते आवडलं नाही तर शेऱ्यात लिहिते "एन्ट्री बरी नाय". मी मोजलं, चौदा पुस्तकांपैकी पाचांना "एन्ट्री बरी नाय" आहे. म्हणजे आंधळी भक्ती पण नाही.

पुस्तकांबद्दल बोलताना आपण "मला आधीच कळलं होतं" हे एवढं मोठेपणाने का सांगतो कुणास ठाऊक. मी पण सांगायचे. कॉलेजात असताना मुंबईच्या लोकलमध्ये अगाथा ख्रिस्ती वाचायचे आणि पन्नासाव्या पानावर मैत्रिणीला सांगायचे बघ हाच आहे. नव्वद टक्के वेळा चुकायचे ते सोडा.

आता रापणवाले काका, रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. हे खरे खतरनाक वाचक. शाळा सातवीपर्यंत, आयुष्य समुद्रावर, यंदा तर 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंदी आणि त्याच्या आधीच समुद्र खवळलेला, म्हणून जाळी विणता विणता नातवाकडून वाचून घेतात, चष्मा हरवलाय. त्यांनी नेली एक स्मगलिंगवाली कादंबरी, सत्तरच्या दशकातली असावी, सोन्याची बिस्किटं, कोकण किनारा, दीपगृह, तस्करांची लाँच, सगळा मसाला. तीन दिवसांनी परत आणली. शेरा नातवाच्या अक्षरात: "आमावस्येच्या रात्री बारा वाजता खडकावरून चालत किल्ल्यात गेला. बुडून मेला असता."

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी समजावलं की अमावस्येला आमच्या किनाऱ्यावर मध्यरात्रीच्या आसपास भरती असते आणि ती पण उधाणाची, मोठी भरती, खडक दिसणारसुद्धा नाहीत, चालत जायचं असेल तर संध्याकाळी जायला हवं नाहीतर पहाटे. लेखकाला अंधार पाहिजे होता म्हणून त्याने अमावस्या घेतली, पण अमावस्येसोबत चंद्र फक्त अंधार पाठवत नाही ना, पाणी पण पाठवतो. हे मुंबई-पुण्यात टेबलावर बसून लिहिणाऱ्याला कोण सांगणार. त्याच पुस्तकात व्हिलन एक प्रेत दगड बांधून बंदरात टाकतो आणि पोलीस दोनशे पानं शोधत बसतात. काका हसून हसून बेजार. म्हणे सकाळी पयल्या रापणीत येतला, पोलीस कित्याक व्हयेत?

आणि एवढं सगळं म्हणून झाल्यावर त्यांनी विचारलं याचा दुसरा भाग आहे का. आहे, मी दिला. त्यातही भरती चुकलीय, मी नंतर पंचांग समोर ठेवून बघितलं.

हे मला फार आवडलं. चूक सापडली की आपण पुस्तक फेकतो, वन स्टार देतो, आणि हे काका चूक सापडली म्हणून खुश, जणू लेखकाशी त्यांची ओळख झाली, याला समुद्रातलं काही कळत नाही पण गडी गोष्ट चांगली सांगतो.

भुतांच्या पुस्तकांचं मात्र वेगळंच झालं. मला वाटलं होतं धारप आणि मतकरी सगळ्यात आधी उडतील, पाऊस, अंधार, कंदील, कौलांवर फांद्या घासतायत, अजून काय पाहिजे. पण नाही. कारण इथे लोकांचं भुताबद्दलचं ज्ञान लेखकापेक्षा जास्त आहे. मुंजा कुठे बसतो, देवचार कुठल्या वाटेने फिरतो, चकवा लागला तर काय करायचं, गिऱ्हा पाण्यात कुठे ओढतो, याची सगळ्यांकडे आपापली माहिती आहे आणि ती एकमेकांशी जुळत नाही त्यामुळे भांडणं. शेजारच्या काकींनी धारपांची समर्थांची (भुताखेतांचा बंदोबस्त करणारा त्यांचा हिरो) एक गोष्ट वाचली आणि त्यांचा मुख्य आक्षेप असा की एवढं भूत मागे लागलंय तर ही माणसं लायब्रऱ्या काय धुंडाळतायत, पोथ्या काय उघडतायत, "ह्येंच्या गावात कोण गाऱ्हाणा घालणारो नाय?" एक नारळ, देवाला एक गाऱ्हाणं, "व्हय म्हाराजा", संपला विषय.

मला स्वतःला समर्थांच्या गोष्टींबद्दल एक तक्रार आहे की समर्थ आले की माझी भीती जाते. ते इतके शांत, इतके खात्रीचे, की आता सगळं ठीक होणार हे कळतंच. पण काकींना तेवढंच आवडलं. त्यांच्या मते भुताच्या गोष्टीत शेवटी कोणीतरी जबाबदार माणूस यायलाच पाहिजे, नाहीतर रात्री उठून मागीलदारी जायचं कसं. संडास अजून बाहेर आहे त्यांचा. हा मुद्दा कुठल्या समीक्षकाने मांडलेला मी बघितलेला नाही.

मतकरींच्या "खेकडा"चा किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. मासळी घेऊन येणाऱ्या मावशी बंदीच्या दिवसात सुकी मासळी विकत फिरतात, त्यांनी ते पुस्तक कव्हर बघून उचललं. चार दिवसांनी आल्या, पाटी उतरवली आणि म्हणाल्या, "ह्यात कुर्ल्यो खय आसत गो?" मी हसले. मग त्या खाली बसल्या आणि म्हणाल्या कुर्ल्या नाहीत पण वाचलं सगळं, दोन रात्री झोप नाही, भुतांमुळे नाही, त्यात घरातलीच माणसं जशी वागतात ना त्यामुळे. शेऱ्यात मी त्यांच्या वतीने लिहिलं, त्यांनी सांगितलं तसंच: "परत देऊ नको."

आमच्या गावात भुताचं पुस्तक वाचायची खरी जागा म्हणजे गावपळण. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आचऱ्यात तीन-चार वर्षांनी रामेश्वराचा कौल झाला की अख्खं गाव तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर जाऊन राहतं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं, सगळी. घरांना कडी लावून. बाहेर माळावर, खाडीकाठी चुडतांच्या झोपड्या घालतात, दिवसा भजनं, फुगड्या, पत्ते, जेवणं, एकदम पिकनिक. मी लहान असताना आतेभावाने तिथे धारपांची "लुचाई" आणली होती. ज्यांनी वाचलीय त्यांना कळेल मी काय म्हणतेय, ती एका गावात हळूहळू शिरणाऱ्या वाईट गोष्टीची कादंबरी आहे, एकेक घर जातं. आणि आम्ही ती वाचतोय कंदिलाच्या उजेडात, खाडीपलीकडे आमचं स्वतःचं गाव, एकही दिवा नाही, एकही कुत्रं भुंकत नाही. आतेभाऊ मोठ्याने वाचत होता आणि मध्येच थांबून गावाकडे बघत होता. दुसऱ्या रात्री आत्याने पुस्तक काढून घेतलं आणि तिसऱ्या रात्री ती स्वतःच वाचत बसलेली सापडली.

आता त्याच आतेभावाचा मुलगा रत्नागिरीला इंजिनिअरिंग करतो, तो कॉलेजला सुट्टी म्हणून आला होता, इंग्लिश वाचणारा, हॉररमधलं सगळं माहीत असलेला. त्याने लुचाई चाळली आणि जाहीर केलं हे ढापलंय, स्टीफन किंगचं सेलम्स लॉट आहे, 1975 चं. खरंय, त्यावरच बेतलेली आहे, आणि "शपथ" किंगच्या "इट" वरून. पडवीत मोठं भांडण. आतेभाऊ म्हणे मला माझ्या गावाकडे बघायला भीती वाटली ती किंगमुळे वाटली का? पोरगा म्हणे वाटली, तुम्हाला माहीत नव्हतं एवढंच. मी मधल्या मधे. मला दोघांचं पटतं, म्हणजे आज कोणी असं केलं तर आपण सोडणार नाही आणि सोडूही नये, मूळ लेखकाचं नाव ठळक पाहिजे, पण त्या काळात आमच्या किराणा दुकानाच्या फळीवर स्टीफन किंग पोचायची दुसरी वाट नव्हती हेही आहेच आणि नुसती वाट नाही, धारपांना मराठी घर कसं झोपतं, कोण कुठे झोपतं, माजघरात अंधार किती असतो हे माहीत होतं. ती भीती बाहेरून आणता येत नाही. भांडण मिटलं नाही. पोराने शेऱ्यात "कॉपी" लिहिलं, बापाने त्याच्या खाली "तुझी इंजिनिअरिंगची जर्नल्स कोणाची असतात?"

त्यावरून विषय "तुंबाड" पिक्चरवर गेला (2018 चा), त्यामागे धारपांच्या गोष्टीची प्रेरणा आणि नाव मात्र श्री. ना. पेंडशांच्या "तुंबाडचे खोत" वरून. जगबुडीकाठचं तुंबाड आमच्या शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यातलं, खेड तालुक्यातलं, त्यामुळे इकडच्या लोकांची या पिक्चरबद्दल एकच प्रतिक्रिया, पाऊस कमी दाखवलाय.

सुशिंच्या फॅन लोकांबद्दल लिहायचं तर वेगळी पोस्ट लागेल. सुहास शिरवळकर 2003 ला गेले पण पोस्टातले काका अजून त्यांच्याबद्दल वर्तमानकाळात बोलतात, "सुशि काय म्हणतो माहितीय का". त्यांच्यात पण दोन पार्ट्या. एक दुनियादारीवाले, आणि दुसरे म्हणतात दुनियादारी ठीक आहे हो, पण तुम्ही त्यांच्या रहस्यकथांमधला दारा बुलंद वाचलाय का, मंदार पटवर्धन, फिरोज इराणी, अमर विश्वास? नसेल तर बोलू नका. पोस्टातले काका दुसऱ्या पार्टीत. 2013 ला दुनियादारीचा पिक्चर आला तेव्हा त्यांनी कणकवलीला जाऊन बघितला आणि येताना एसटीत शेजारच्या अनोळखी माणसाला पुस्तकात हे असं नाहीये म्हणून आचऱ्यापर्यंत सांगत आले. तो माणूस म्हणे मध्येच उतरला.

नारळीकरांची दोनच पुस्तकं होती खोक्यात, "प्रेषित" आणि "वामन परत न आला". बरोबर त्याच आठवड्यात, 20 मे ला ते गेले. हायस्कूलच्या निवृत्त सरांनी दोन्ही नेली आणि परत देताना बराच वेळ बसले. त्यांनी सांगितलं की 1974 ला मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारळीकरांनी "कृष्णविवर" ही कथा ना. वि. जगताप नावाने पाठवली होती, स्वतःच्या नावाची आद्याक्षरं उलटी करून, म्हणजे नाव बघून बक्षीस नको. आणि बक्षीस मिळालं. सर म्हणाले मी हे दरवर्षी दहावीच्या वर्गाला सांगायचो आणि मग त्यांना म्हणायचो पेपरवर नाव नाही नंबर लिहितात तो याच्यासाठी. माझं स्वतःचं मत विचाराल तर नारळीकरांच्या माणसांपेक्षा त्यांच्या कल्पना जास्त जिवंत असतात, पात्रं कधीकधी नुसती उभी राहून माहिती देतात, पण वामन मी आजही आवडीने वाचते. सरांना हे बोलले नाही. ती वेळ नव्हती.

सगळ्यात जास्त गाजलं ते मात्र सिरीज संपवण्याचं प्रकरण. इंजिनिअर पोराने जॉर्ज मार्टिनची ती "गेम ऑफ थ्रोन्स"वाली जाडजूड सिरीज आणली होती, पाचवा भाग 2011 ला आला आणि सहाव्याची तो अजून वाट बघतोय. म्हणजे पाचवा आला तेव्हा हा बालवाडीत होता, त्याने नंतर वाचली, तरीही राग असा की जणू त्याचे पैसे घेऊन पळालेत. आत्याने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "चवदा वर्सा? मग तो करता काय?" अर्नाळकरांनी चौदा वर्षांत किती लिहिली असती हा हिशोब तिने तोंडी सुरू केला आणि तिला थांबवावं लागलं. मी पोराला सांगत होते की निदान जिवंत तरी आहे, रॉबर्ट जॉर्डनची व्हील ऑफ टाइम बघ, 1990 ला सुरू केली, 2007 ला गेला बिचारा, मग त्याच्या नोंदी घेऊन ब्रँडन सँडरसनने संपवली, 2013 ला चौदावा भाग. दुसऱ्याने संपवलेलं चालेल का तुला? तो विचारात पडला. आत्या पडली नाही. म्हणाली चालेल की, दशावतारात राजा आजारी पडला तर दुसरा उभा करतात, आख्यान बंद करतात काय!

आणि लेखकालाच कंटाळा आला तर? कॉनन डॉयलने 1893 ला होम्सला धबधब्यात ढकललं आणि लोकांनी एवढं डोकं खाल्लं की 1903 ला परत आणावा लागला. ख्रिस्ती जास्त हुशार, तिने तिच्या डिटेक्टिव्हचं, पॉयरोचं, शेवटचं पुस्तक दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच लिहून कडीकुलपात ठेवलं, 1975 ला काढलं, आणि न्यूयॉर्क टाइम्सने पॉयरोची मृत्यूची बातमी पहिल्या पानावर छापली, खऱ्या माणसाची छापतात तशी. हे मी पडवीत सांगितलं तेव्हा रापणवाले काका म्हणाले बरं केलं, पेज टाकायच्या आधी चूल पेटलेली असावी. याचा अर्थ मला अजून नीट लागलेला नाही पण सगळ्यांनी माना डोलावल्या.

आता ते शेवटची पानं नसलेलं. खोक्यात एक पुस्तक निघालं, कव्हर नाही, पहिली चार पानं नाहीत त्यामुळे नाव आणि लेखक दोन्ही माहीत नाही, आणि शेवटची आठ-दहा पानं पण नाहीत. आत्याने कबूल केलं की दुकानात कागद संपला की जुन्या पुस्तकांची पानं हळदीच्या पुडीला जायची, खुनी बहुतेक कोणाच्या तरी स्वयंपाकघरात गेला. खंडाळ्याचा बंगला, म्हातारा पैसेवाला, विषप्रयोग, संशयित पाच: वकील, पुतण्या, नर्स, माळी आणि म्हाताऱ्याची दुसरी बायको. गोष्ट जिथे तुटते तिथे डिटेक्टिव्ह सगळ्यांना दिवाणखान्यात बसवून म्हणतो, "खुनी याच खोलीत आहे आणि त्याने एकच चूक केली," बस, संपलं.

मला वाटलं हे कोणी नेणार नाही. आजपर्यंत अकरा जणांनी नेलंय! सगळ्यात जास्त फिरलेलं पुस्तक तेच. मागच्या कोऱ्या जागेत जुन्या भाडेकऱ्यांनी पण लिहून ठेवलंय, शाईच्या पेनाने "वकील", त्याखाली दुसऱ्या अक्षरात "मूर्ख, नर्स", आणि एके ठिकाणी नुसतं "दहा पैसे परत करा". आता आमच्या वहीत: काकी म्हणतात दुसरी बायको, कारण ती चौथ्या प्रकरणात रडत नाही. रापणवाले काका म्हणतात माळी, कारण विष त्याच्याकडेच असणार, आंब्याला फवारायचं. सर म्हणतात पुरावे अपुरे आहेत. मासळीवाल्या मावशी म्हणतात म्हाताऱ्याने स्वतःच घेतलं आणि यांना अडकवलं, हे ऐकून पडवीत दोन मिनिटं कोणी बोललंच नाही. इंजिनिअर पोराने जाताना पानांचे फोटो काढून नेलेत, म्हणतो ऑनलाइन कोणीतरी ओळखेल. आत्याला ते पसंत नाही. तिने हे पुस्तक दुकानात असताना अख्खं वाचलेलं आहे, शेवटासकट, आणि ती सांगत नाही, मी खूप मागे लागले, नुसती आमसुलं निवडत हसते.

मी अजून माझं मत लिहिलेलं नाही. मला पुतण्या वाटतो पण एकदा सहावं प्रकरण परत बघायचंय, त्याच्या बुटांना चिखल होता का तेवढंच. पुस्तक पोस्टातल्या काकांकडे आहे, तीन आठवडे झाले, आणि ते म्हणतात पाऊस थांबल्याशिवाय ते बाहेर काढणार नाहीत, भिजेल.